मोफत अँटिव्हायरसची निवड : नवशिक्या संगणक-वापरकर्त्यांसाठी एक पाठ

प्रास्ताविक

तूर शेंगेवर आली, हरभरा घाट्यावर आला, की आपल्या जिल्ह्यातील शेतकरी रात्री जागलीला जातो. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभ्या पिकाची नासाडी करतात, हे त्याला पुरते ठाऊक असते. जागल्या कसा असावा, हेही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. झोपाळू नको, पान हलले की मालकाला उठविणारा नको, आणि राखण करता करता चार पायल्या धान्य आपल्याच घरी नेणारा तर मुळीच नको.

आपल्या शाळेच्या कार्यालयात ठेवलेल्या संगणकातही असेच एक पीक उभे असते. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीची बँक-खाती, चाचण्यांचे गुण, शालेय पोषण आहाराचे हिशेब असे सारे काही त्यात साठविलेले असते. हे पीक आपल्या मालकीचे नव्हे. पालकांनी आपल्यावर विश्वास टाकून ते आपल्या स्वाधीन केलेले आहे. ते नासले तर पुन्हा लिहून काढण्यास महिने लागतात, आणि चोरीस गेले तर परत आणण्याचा मार्गच उरत नाही. ह्या पिकाच्या राखणीसाठी जी आज्ञावली संगणकात बसवितात, तिला अँटिव्हायरस म्हणतात.

हेतुकथन

अँटिव्हायरस विकत घेण्यास शाळेकडे स्वतंत्र तरतूद असतेच असे नाही. फुकट मिळणारे अँटिव्हायरस पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील कोणता घ्यावा, हे संगणक नुकताच हाताळू लागलेल्या शिक्षकास कळत नाही. कोणी सांगेल तो तो बसवितो, आणि कधी कधी रोगापेक्षा औषधच भारी होते. यास्तव मोफत अँटिव्हायरस कोणत्या कसोट्यांवर निवडावा, आणि तो बसविल्यावरही आपल्याकडे कोणते काम उरते, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे. नामावली पाठ करण्यापेक्षा कसोट्या समजून घेणे अधिक हिताचे. कारण नावे बदलतात, कसोट्या टिकतात.

विषयविवेचन

(१) विषाणू आणि त्याचा प्रतिकार

संगणकाचा विषाणू हा कोणताही जीव नव्हे. ती माणसाने लिहिलेली एक आज्ञावली असते; ती आपली नक्कल आपणच करते आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात शिरते. आयबीएम-पद्धतीच्या वैयक्तिक संगणकावरील पहिला विषाणू 'ब्रेन' हा १९८६ मध्ये लाहोर येथील दोन भावांनी लिहिला. आपण तयार केलेल्या आज्ञावलीच्या चोरट्या नकला होऊ नयेत, एवढाच आपला उद्देश होता, असे त्यांचे म्हणणे होते. तो फ्लॉपीवरून देशोदेशी पसरला. १९९१ मध्ये आढळलेला 'मायकेलअँजेलो' हा त्याहून घातक होता. ६ मार्च ह्या दिवशी संगणक सुरू केला की तो त्यातील माहितीवर निरर्थक अक्षरे लिहून ती निकामी करी.

ह्याच काळात पुण्यात कैलास काटकर हे दुरुस्तीचा व्यवसाय करीत होते. दहावीनंतर शिक्षण सोडून त्यांनी कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली होती. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांपैकी कितीतरी यंत्रे विषाणूमुळेच बिघडलेली असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ह्या विषाणूंवर उतारा लिहिण्यास आरंभ केला. त्यातूनच १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' हा अँटिव्हायरस बाजारात आला. पुढे २००७ मध्ये त्यांच्या संस्थेनेही तेच नाव धारण केले.

ह्या हकिकतीतून आपल्या विषयाला उपयुक्त असा एक बोध मिळतो. उतारा एकदा लिहून काम संपत नाही. नवे विषाणू दररोज निपजतात आणि त्यांची ओळख अँटिव्हायरसला दररोज करून द्यावी लागते. त्यासाठी माणसे राबतात, पैसा लागतो. मग जो अँटिव्हायरस फुकट मिळतो, त्याचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न निवड करताना प्रथम विचारला पाहिजे.

(२) 'मोफत' ह्या शब्दाचे अर्थ

'मोफत' हा शब्द एकच असला, तरी त्याखाली निदान पाच निरनिराळे प्रकार येतात.

पहिला प्रकार म्हणजे मूळ प्रणालीबरोबर आलेला अँटिव्हायरस. विंडोजमधील 'डिफेंडर' हा असा आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून प्रणालीतच अंतर्भूत आहे. त्याचा खर्च विंडोजच्या किमतीत आलेला असतो.

दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या कंपनीने दिलेली फुकट आवृत्ती. आज फुकट घेणारा उद्या पैसे देऊन मोठी आवृत्ती घेईल, ह्या आशेवर ती दिलेली असते. ह्यात गैर काही नाही. मात्र ती खरेदीची आठवण वरचेवर करून देते.

तिसरा प्रकार चाचणी-आवृत्तीचा. नव्या संगणकात दुकानदार पुष्कळदा ती बसवून देतो. तीस दिवस किंवा अशाच काही मुदतीनंतर ती संपते. पडद्यावर चिन्ह दिसत राहते, राखण मात्र थांबलेली असते. हिला मोफत म्हणणेच चूक होय.

चौथा प्रकार शासकीय साधनांचा. केंद्र शासनाने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. बाधित संगणक साफ करण्याची साधने त्याच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात, आणि ती तयार करण्यात देशी अँटिव्हायरस कंपन्यांचे साहाय्य घेतलेले आहे. पेनड्राइव्हच्या वापरावर नियंत्रण ठेवणारे 'यूएसबी प्रतिरोध' हे सी-डॅकचे साधनही तेथे आहे. परंतु सफाईचे साधन आणि नित्याची राखण ह्यांत भेद आहे. सफाई एकदा होते. राखण अखंड हवी. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

पाचवा प्रकार सर्वांत वाईट. एखादे पृष्ठ वाचीत असता अकस्मात पडदा लाल होतो, 'आपल्या संगणकात विषाणू आढळले आहेत, येथे दाबून मोफत अँटिव्हायरस घ्या' असा मजकूर झळकतो, कधी एखादा दूरध्वनी क्रमांकही दिलेला असतो. हा अँटिव्हायरस नव्हे. हाच विषाणू, किंवा त्याचा दलाल. खरा अँटिव्हायरस अशी दवंडी पिटून दारोदार फिरत नाही.

(३) नवशिक्याची खरी अडचण

जाणकार मनुष्य अँटिव्हायरस निवडताना त्याची शक्ती पाहतो. नवशिक्याने प्रथम त्याचा स्वभाव पाहावा. काही अँटिव्हायरस पदोपदी प्रश्न विचारतात: 'अमुक आज्ञावली जाळ्याशी संपर्क करू पाहते, परवानगी द्यावी काय?' ज्याला त्या आज्ञावलीचे नावही ठाऊक नाही, तो काय उत्तर देणार? दोन-चार दिवस तो घाबरून 'नाही' म्हणतो, आणि त्यामुळे हवे ते काम अडते. मग कंटाळून तो प्रत्येक प्रश्नाला 'होय' म्हणू लागतो. ज्या दिवशी खरा धोका येतो, त्या दिवशीही तो सवयीने 'होय' असेच म्हणतो. पान हलले की उठविणारा जागल्या अखेर मालकाला झोपेतच उठून 'बरे, बरे' म्हणण्याची सवय लावतो, तसा हा प्रकार होय. म्हणून सामान्य निर्णय आपला आपण घेणारा आणि खरोखर अडल्यावरच विचारणारा अँटिव्हायरस नवशिक्यास योग्य.

(४) निवडीच्या सहा कसोट्या

पहिली कसोटी: तो संगणक सुरू होताच आपण होऊन जागा होतो काय आणि नव्या विषाणूंची माहिती आपण होऊन आणतो काय? ज्याला दर वेळी हाताने चालवावे लागते, तो नवशिक्याच्या कामाचा नाही. 'क्लॅमएव्ही' ही सर्वांस मुक्त असलेली आज्ञावली उत्तम आहे. परंतु विंडोजवर ती प्रामुख्याने आपण सांगू तेव्हा तपासणी करते. म्हणून ती जाणकारांसाठी बरी.

दुसरी कसोटी: तो वर सांगितल्याप्रमाणे मितभाषी आहे काय?

तिसरी कसोटी: तो आपली किंमत दुसऱ्या वाटेने वसूल करीत नाही ना? ह्याचे एक ठळक उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'अव्हास्ट' हा जगभर वापरला जाणारा अँटिव्हायरस. वापरणारे लोक कोणकोणती संकेतस्थळे पाहतात, ह्याची माहिती त्याच्या 'जम्पशॉट' ह्या उपकंपनीमार्फत इतरांना विकली जात असल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघडकीस आले, आणि ती उपकंपनी बंद करण्यात आली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीस १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले आणि जाहिरातीसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. विषाणू रोखण्यात तो कमी पडला, अशी ही तक्रार नव्हती. राखणदार जागा होता. परंतु धान्य त्याच्या घरी जात होते.

चौथी कसोटी: शाळेत तो वापरण्याची परवानगी आहे काय? पुष्कळ मोफत अँटिव्हायरसच्या करारात 'केवळ वैयक्तिक, घरगुती वापरासाठी' असे कलम असते. तो शिक्षकाने घरी वापरावा, शाळेत नव्हे. हे कलम कोणी वाचीत नाही, म्हणून ते नसते असे नाही. मुलांना प्रामाणिकपणाचा पाठ देणाऱ्यांनी ते वाचणे उचित होय.

पाचवी कसोटी: जुन्या यंत्राला त्याचे ओझे पेलते काय? शाळांतील संगणक बहुधा कमी स्मृतीचे असतात. अँटिव्हायरसमुळे यंत्र इतके मंदावले की कोणी कंटाळून तो बंदच केला, तर राखण शून्य.

सहावी कसोटी: तिऱ्हाइताने त्याची परीक्षा घेतली आहे काय? जर्मनीतील माग्देबुर्ग येथील 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील 'एव्ही-कम्पॅरेटिव्हज' ह्या संस्था अँटिव्हायरसांच्या नियमित परीक्षा घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. 'एव्ही-टेस्ट' संरक्षण, यंत्रावरील भार आणि वापरातील सुलभता ह्या तीन विषयांस प्रत्येकी ६ असे १८ पैकी गुण देते. कंपनीची जाहिरात वाचण्यापेक्षा ही गुणपत्रिका पाहावी.

(५) निर्णय

ह्या कसोट्या लावून पाहता असे दिसते की, विंडोज ११ असलेल्या शाळेच्या संगणकास बहुधा निराळा अँटिव्हायरस शोधण्याची गरजच नाही. डिफेंडर आपण होऊन चालतो, फारसे प्रश्न विचारीत नाही, त्याची मुदत संपत नाही आणि शाळेत वापरण्यास तो विंडोजचाच भाग असल्याने वेगळी परवानगी लागत नाही. आरंभीच्या वर्षांत तो परीक्षांत मागे पडे. अलीकडे त्याने वारंवार उत्तम गुण मिळविले आहेत. मोठ्या फाईली तपासताना जुन्या यंत्रावर तो काहीसा जड वाटतो, एवढी उणीव मान्य केली पाहिजे.

मात्र येथे चार सूचना ध्यानात ठेवाव्यात.

पहिली: दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवू नयेत. ते एकमेकांसच चोर समजतात आणि यंत्र अडखळते. दुसरा बसविला की डिफेंडर आपण होऊन बाजूस होतो. म्हणून चाचणी-आवृत्तीची मुदत संपली की ती रीतसर काढून टाकावी आणि डिफेंडर पुन्हा सुरू झाला की नाही, ते डोळ्यांनी पाहावे.

दुसरी: प्रणालीच जुनी असेल, तर अँटिव्हायरस हा फुटक्या कुंपणावर बसविलेला जागल्या ठरतो. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. शिवाय त्यातील डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस नव्हता. विंडोज १० ची नित्याची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यावरील डिफेंडरला विषाणूंची ओळख आणखी काही काळ मिळत राहील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. परंतु कुंपणाची भोके त्याने बुजत नाहीत. ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही, त्यावर सी-डॅकचे 'बॉस' किंवा तत्सम मोफत लिनक्स बसविण्याचा विचार करावा. ते होईपर्यंत मुलांची वैयक्तिक माहिती त्या यंत्रात ठेवू नये.

तिसरी: विंडोजची चोरटी प्रत वापरू नये. ती चालू करण्यासाठी जी साधने वापरतात, ती 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे सांगतात. घर राखणाऱ्याला बाहेर काढून मग आत येणारा पाहुणा कोण असेल, हे सांगणे न लगे.

चौथी: प्रणालीची दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांतील फाईली कुलूपबंद केल्या. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिली होती. ती ज्यांनी वेळेवर बसविली नव्हती, त्यांचेच प्रामुख्याने नुकसान झाले. त्याच वर्षी जून महिन्यात अशाच दुसऱ्या विषाणूमुळे आपल्या राज्यातील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले.

(६) पेनड्राइव्हचा प्रवास

खेड्यातील शाळेत विषाणू बहुधा आंतरजालापेक्षा पेनड्राइव्हवरून येतो. तो शाळेतून केंद्रशाळेत, तेथून तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात आणि पुन्हा शाळेत फिरत असतो. एक नेहमीचा प्रकार असा: पेनड्राइव्ह उघडावा, तो फोल्डरांच्या जागी त्याच नावांची 'शॉर्टकट' चिन्हे दिसतात आणि आतील फाईली नाहीशा झालेल्या वाटतात. शिक्षक घाबरतो. कोणी तरी सांगते, 'फॉरमॅट करा.' तो करतो, आणि वर्षभराचे गुणतक्ते खरोखरच जातात.

वास्तविक ह्या प्रकारात फाईली बहुधा पुसलेल्या नसतात. विषाणूने त्या केवळ दडविलेल्या असतात. अशा वेळी त्या चिन्हावर टिचकी मारू नये, फॉरमॅट तर मुळीच करू नये. प्रथम अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासून घ्यावा, आणि मग दडलेल्या फाईली पुन्हा दृश्य करण्यास जाणकार सहकाऱ्याचे साहाय्य घ्यावे.

(७) जागल्याच्या आवाक्याबाहेरचे

सर्वोत्तम अँटिव्हायरससुद्धा मालकाने स्वहस्ते उघडलेले दार बंद करू शकत नाही. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी ओटीपी मागितला आणि आपण तो दिला, तर त्यात विषाणूचा संबंधच येत नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, दंडाची पावती किंवा शासकीय योजनेचा अर्ज म्हणून आलेली एपीके फाईल मोबाईलमध्ये बसविली, तर मोबाईलची किल्ली परक्याच्या हाती जाते. अँड्रॉइडमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' हा राखणदार आधीच असतो. त्याला बंद करण्यास सांगणारा मनुष्य आपला हितचिंतक नव्हे, एवढे ओळखावे. पैसे गेलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे.

आणि अखेरचा उपाय म्हणजे प्रत. शाळेच्या महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून, तो संगणकापासून अलग करून कपाटात कुलूपबंद ठेवावी. खंडणीखोर विषाणू जोडलेल्या यंत्रापर्यंत पोहोचतो. कपाटातील प्रतीपर्यंत पोहोचू शकत नाही. बियाणे घरात राखलेला शेतकरी पीक बुडाले तरी पुन्हा उभा राहतो.

संकलन

नवशिक्याने अँटिव्हायरस निवडताना त्याची कीर्ती न पाहता स्वभाव पाहावा. फुकट वस्तूची किंमत कोण देतो, ते विचारावे. घरात असलेला राखणदार जागा असेल, तर नवा आणू नये. प्रणाली अद्ययावत ठेवावी, आणि प्रत जवळ बाळगावी.

उपयोजन

हा पाठ वाचून ठेवण्याचा नसून करून पाहण्याचा आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अर्धा तास ह्या कामी राखून ठेवावा. शोधपट्टीत 'विंडोज सिक्युरिटी' लिहून ते उघडावे. हिरवी खूण दिसते की नाही ते पाहावे. जेथे नित्य आंतरजाल नाही, तेथे मोबाईलचे हॉटस्पॉट जोडून 'चेक फॉर अपडेट्स' दाबावे आणि नंतर 'क्विक स्कॅन' करावे. संगणक आठवडाभर बंद होता, म्हणजे राखणदारही आठवडाभर उपाशी होता, हे लक्षात असू द्यावे. म्हणून प्रथम अद्ययावत करणे, मग पेनड्राइव्ह लावणे, हाच क्रम ठेवावा. केलेल्या तपासणीची तारीख एका वहीत लिहावी.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा विषय घेताना 'आयकार' ही चाचणी-फाईल वापरता येईल. ती अवघ्या ६८ अक्षरांची व संपूर्ण निरुपद्रवी आहे. अँटिव्हायरस जागा असेल तर तो तिला विषाणू समजून तत्काळ अडवितो. राखणदाराची परीक्षा ह्याहून सोप्या रीतीने होणे नाही.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य वाटते. पुष्कळदा विषाणूपेक्षा संकोचानेच अधिक नुकसान होते. वयाने ज्येष्ठ गुरुजींच्या किंवा बाईंच्या हातून एखादी चुकीची टिचकी पडते. तरुण सहकारी हसतील म्हणून ते कोणास सांगत नाहीत, आणि दोन दिवसांत तोच विषाणू पेनड्राइव्हवरून पाच शाळांत पोहोचतो. ज्या मुलाच्या चुकीला वर्ग हसतो, ते मूल पुढे चूक लपविण्यास शिकते, हे आपणांस वर्गात रोज दिसते. तोच न्याय आपण परस्परांस लावला पाहिजे. ज्याने चूक वेळीच सांगितली, त्याने पाच शाळा वाचविल्या असे समजावे. संगणक जाणणाऱ्या तरुण शिक्षकाने ज्येष्ठांच्या शेजारी बसून, त्यांच्याच हातांनी, हे काम करून घ्यावे. आपल्या हातांनी करून दाखविले, तर ते एका दिवसापुरते होते. त्यांच्या हातांनी करविले, तर ते कायमचे होते.

स्वाध्याय

(१) आपल्या शाळेच्या संगणकात कोणता अँटिव्हायरस आहे? तो वर दिलेल्या पाच प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो?
(२) त्याने विषाणूंची माहिती शेवटची कधी आणली? तारीख पाहून वहीत लिहा.
(३) आपल्या संगणकातील विंडोजची आवृत्ती कोणती? तिची दुरुस्ती अद्याप चालू आहे काय?
(४) मुलांच्या माहितीची अलग प्रत कोठे आहे? ती उघडते की नाही, हे प्रत्यक्ष उघडून पाहा.
(५) आपल्या शाळेतील ज्या सहकाऱ्यास संगणकाची भीती वाटते, त्याच्याकडून येत्या शनिवारी ही तपासणी करवून घ्या आणि त्याला कोठे अडचण आली, ते टिपून शिक्षण परिषदेत सांगा.